खणून आणलेला निवडुंग

"हा घरात वाढलेला नाही," काटेबाई म्हणाल्या आणि भिंग टेबलावर ठेवून डोळे चोळू लागल्या.

समोरच्या बाईनं कुंडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. कुंडीत लिंबाएवढा निवडुंग होता, एका अंगाला कललेला. बाईचं वय चाळीस असेल किंवा साठही. चेहऱ्यावरून काही पत्ता लागत नव्हता.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वनस्पती उद्यानाच्या काचघरात निवडुंग सांभाळण्यात उभा जन्म गेला, म्हणून लोकांनी ते चिकटवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते स्वभावालाही शोभत होतं. दर वर्षी आजच्या दिवशी लोक आपली झाडं उद्यानाला द्यायला येत. अट एकच: झाड बियांपासून वाढवलेलं हवं. डोंगरावरून खणून आणलेलं निघालं, तर ते जप्त होई आणि ज्याचं झाड त्याचं नाव फाटकावरच्या फळ्यावर लागे. लोक तरीही आणत, आणि वर तोंड करून शपथा घेत. सकाळपासून त्या शपथा ऐकून काटेबाईंचे कान किटले होते. पाठ भरून आली होती. कधी एकदा घरी जाऊन अंग टाकतेय, असं त्यांना झालं होतं.

"आईनं बी पेरलं होतं," बाई म्हणाली. "आता ती गेली. घर सोडावं लागतंय, आणि भावाकडे माझीच अडचण आहे. ह्याला इथं ठेवून घ्या. तिच्या नावाची छोटीशी पाटी लावा, बस."

निवडुंग ओळखायला काटेबाईंना क्षणही लागला नव्हता. शेंड्यावर पांढरी लव, अंगाला चिकटून बसलेले बारीक काटे. उंच डोंगरातल्या खडकांच्या फटींत राहणारी ही जात. चोरांनी खणून खणून कडेच्या कडे ओस पाडले होते. त्याचा त्यांना मनापासून संताप होता, पण आज संतापायचंही त्राण नव्हतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "घरचा असता तर कसा गुटगुटीत झाला असता, बुडापर्यंत हिरवागार. ह्याचं बूड लाकडासारखं झालंय. हे वळ दिसतात? पाण्याविना आक्रसला, थोडा सावरला, पुन्हा आक्रसला. थंडी, वारा, उपास, सगळं सोसलंय त्यानं. घरात माणसं असली की झाडाचं अंग असं होत नाही, बाई. माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका."

"आईनंच पेरलं होतं हो."

"बरं. मग पाणी कधी घालत होता, तेवढं सांगा."

बाईनं मान खाली घातली. सगळ्यांचं घोडं इथंच अडायचं, हे काटेबाईंना पाठ होतं. त्यांनी जप्तीची लाल चिठ्ठी पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. खोटं पकडल्याचा आनंद पूर्वी व्हायचा, आता नुसता शीण येई.

"आईचं नाव सांगा. फळ्यावर तेच लागेल."

बाईनं कुंडीवरचे हात काढून घेतले.

"चोर नका म्हणू तिला," ती हळूच म्हणाली. "पाणी घातलंच नाही, मॅडम. बी उगवलं आणि आई अंथरुणाला खिळली, ती शेवटपर्यंत. खोलीतला वास जावा म्हणून खिडकी ऐन थंडीतही उघडी ठेवायचे. पाऊस आत आला, तर तेवढंच ह्याला पाणी. आम्हा दोघींकडे बघायलाच कुणी येत नव्हतं, तिथं ह्याच्याकडे कोण बघणार?"