ताटात उरलेले रंग

“बीट नको,” चिमणी म्हणाली आणि तिनं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं.

आईनं कपाळावरचा घाम पुसला. बिटाच्या चकत्यांची तिनं फुलं कापली होती. मधोमध गाजराचा कीस, कडेनं मटार, वर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. एवढ्या रंगांत एखादं चित्र रंगवून झालं असतं. पण ज्यांच्यासाठी करायचं, त्यांची नाकं आभाळाला लागलेली!

आजोबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, गेल्या महिन्यापासून मटार टोचायला लागले होते. दातांना म्हणे. अक्रोड मात्र ते अजून दातांनीच फोडत. नवऱ्याला बलक चालेना. आणि चिमणीला तर लाल रंगच बघवत नव्हता.

आपल्या हाताची चवच गेली, असं तिला वाटायचं. लांबलेल्या तापातून उठल्यापासून तिच्या स्वतःच्याच जिभेला काही रुचत नव्हतं, मग मीठमसाल्याचा अंदाज कुठून यायचा? ‘तूही बस जेवायला’ म्हटलं की ती ‘नंतर बसते’ म्हणून टाळायची. पण तिच्या भुकेचं काय एवढं! वाढत्या वयाची पोर अर्धवट जेवून उठते, हे मात्र तिला खरंच सहन होत नव्हतं.

दुपारचं ऊन ओट्यावर पसरलं होतं. हल्ली ओट्याशी उभं राहिलं की तिला हलकं हलकं वाटायचं. भोपळ्याचा केशरी, पालकाचा हिरवा, सगळे रंग एकमेकांत विरघळत वाफेबरोबर वर जायचे आणि त्यांच्यामागोमाग आपणही तरंगत जाऊ, असा भास व्हायचा. मग ती ओट्याची कड घट्ट धरायची.

“पुरे झालं,” ती आज म्हणाली. “उद्यापासून नुसता भात. रंगबिंग काही नाही. गाढवापुढे वाचली गीता!”

तिघांचेही हात थांबले. आजोबांनी मुलाकडे पाहिलं.

“असं नको करूस,” नवरा घाईनं म्हणाला. “पालक कर ना उद्या. मी खाईन.”

“सगळा?”

“निम्मा तरी नक्की.”

“केवढे उपकार!” ती म्हणाली, पण तिला हसू आलंच. रागवायचं तरी कुणावर? सगळी आपलीच माणसं.

तिनं ताटं उचलून ओट्याशी नेली. अन्न केरात टाकायला तिचा हात कधीच धजला नव्हता. बिटाची फुलं, मटार, बलक, करता करता तिनं उभ्या उभ्याच सगळं तोंडात टाकलं आणि ताटं चाटूनपुसून लख्ख केली. ‘एवढं चांगलं केलेलं, आणि हे लोक!’ असं पुटपुटत ती खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली. मिटल्या डोळ्यांपुढे रंग तरंगत राहिले आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली.

नवऱ्यानं खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

“ताटं?” आजोबांनी विचारलं.

“रिकामी.”

“बाबा, मग उद्या मला सगळं संपवू दे ना,” चिमणी कुजबुजली. “मला फार आवडतं.”

“इतक्यात नाही, राणी,” तो म्हणाला. “आपण टाकलं नाही, तर आई काहीच खात नाही.”