घरगाडीत बसलेली बाई

कुलूप फुटलेलं नव्हतं, काचा शाबूत होत्या, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक म्हातारी बसली होती.

तो तळ्यावरून परत येत होता. मागून बायको, चपला हातात घेऊन. जेमतेम अर्धा तास झाला असेल. जाताना त्यानं दार दोनदा ओढून पाहिलं होतं, पडदे सारले होते, स्टिअरिंगला पिवळा लोखंडी दांडा अडकवला होता. तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलेली. ताकच काय, तो साधं पाणीही फुंकून प्यायचा. आणि आता भर दुपारी, उघड्या माळावर, त्याच्या घरगाडीत परकी बाई ठाण मांडून बसली होती. चोरीचा भोंगाही वाजला नव्हता.

"ओ बाई! उतरा खाली!"

ती उतरली नाही. वय सत्तरच्या आसपास, पायांवर धूळ, मांडीवर कापडी पिशवी. दोन्ही हातांनी तिनं तो पिवळा दांडा धरून ठेवला होता.

"तुम्ही बसा. मी सरकते पलीकडे," ती म्हणाली. "गाडी काढा इथून, आत्ताच्या आत्ता. मला वाटेत कुठंही सोडा."

"आत कशा आलात?"

तिनं एक मूठ उघडली. आत किल्ली होती. अगदी तशीच त्याच्या खिशात होती.

"ही गाडी आमच्या घरातली. तुम्ही विकत घेण्याआधी."

"बघा!" बायको मागून कडाडली. "मी म्हटलं होतं, जुनी गाडी आहे, दाराचं कुलूप बदला. तर म्हणे, कंपनीचं आहे, मजबूत आहे. घ्या मजबूत!" आणि ती मागच्या दारानं आत शिरली. कपाटं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. "पर्स आहे. शेगडी आहे. दुर्बीण आहे. काही गेलेलं नाही."

"अजून गेलेलं नाही," तो म्हणाला.

त्याला सगळा डाव दिसत होता. असे दावे त्यानं पायलीला पन्नास पाहिले होते. दया वाटेल अशी एखादी म्हातारी पुढं करायची, तिनं 'मला जरा पुढं सोडा' म्हणायचं, आणि पुढच्या वळणावर चौघांनी झाडामागून बाहेर यायचं. म्हणूनच हिला एवढी घाई. तो इंचभरही हलणार नव्हता.

"घरातली होती ना? आता नाही. कागद माझ्या नावावर आहेत. उतरा!"

"ऐका हो माझं. इथं थांबू नका."

"धमकी देताय?"

त्यानं दार उघडून तिचा दंड धरला आणि ओढलं. ती दांडा सोडेना. त्यानं आणखी जोर लावला. टर्रकन आवाज झाला. पोलक्याची बाही खांद्यापाशी उसवली. म्हातारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा हात आपोआप सुटला. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यानं फोन काढला आणि पोलिसांना लावला. मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं: तळ्याचा काठ, चोरीची किल्ली, घुसखोर बाई.

आता ही पळणार, असं त्याला वाटलं. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ लागेल त्यांना?"

"वीस मिनिटं. का? जड जातंय?"

ती रस्त्याकडे पाहत राहिली. "मग बसते," म्हणाली.

बायको पाण्याची बाटली घेऊन दाराशी आली, म्हातारीकडे पाहून घुटमळली आणि शेवटी स्वतःच प्यायली. माळावर ऊन नुसतं रणरणत होतं.

पंधरा मिनिटांनी पांढरा टेम्पो आला. पोलिसांचा नव्हता. पुढं बसलेल्या माणसाला पाहून मात्र त्याचा जीव भांड्यात पडला. महिन्याभरापूर्वी गाडी विकणारा तोच तरुण! व्यवहार झाल्यावर डोळे पुसत म्हणाला होता, 'काका, घरच्या माणसासारखी सांभाळा हिला.'

"बरं झालं आलात!" त्यानं हात उंचावला. "ही बाई कोण, तुम्हीच सांगा आता."

तरुणानं त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या हातात किल्ली होती. मागून उतरलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात लोखंड कापायचं यंत्र. समोरच्या काचेतून आत पाहताच तरुण जागच्या जागी थबकला.

"आई? तू इथं काय करतेयस?"

म्हातारीनं ड्रायव्हरचं दार खाडकन ओढून घेतलं आणि आतून खटका लावला.

"आई, उतर. तमाशा नको. घरी बोलू."

"इथंच बसणार मी. मला घेऊन चोर गाडी. बघू."

विम्याचा माणूस किल्लीकडे, यंत्राकडे आणि पिवळ्या दांड्याकडे पाहत राहिला. तीस वर्षांची हुशारी त्याच्या अंगावरून थंडगार उतरली. यंत्रवाला केव्हाच टेम्पोत जाऊन बसला होता. पण माळावर यायला आणि जायला रस्ता एकच, आणि त्याच्या टोकाला पोलिसांची जीप वळताना दिसत होती.

म्हातारीनं काच चार बोटं खाली केली.

"तिसरी आहे ही," ती हळू आवाजात विम्याच्या माणसाला म्हणाली. "विकतो आणि महिन्याभरात उचलून आणतो. गाडीत काहीतरी लपवून ठेवतो. कुठं उभी आहे ते त्याच्या फोनवर दिसतं. आज सकाळी मी पाहिलं, आणि मिळेल त्या बसनं आधी निघाले."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?" त्यानं काचेशी वाकून विचारलं.

तिनं उसवलेली बाही खांद्यावर ओढून घेतली. काचेपलीकडे मुलगा अजून 'आई, आई' करत होता. तिनं तिकडं पाहिलं नाही.

"तुम्ही पोलिसांना बोलावलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "सकाळपासून चारदा फोन हातात घेतला होता. माझ्यानं होईना."