बायडाबाईंची मुलाखत

"हे जरा बघून टाक," म्हणत गणपतराव सरांनी लॅपटॉप मनालीपुढं सरकवला. एका शोधपत्रिकेनं सरांकडं परीक्षणाला पाठवलेला लेख होता, लेखकाचं नाव झाकलेलं. असे लेख यायचे सरांच्या नावावर आणि वाचायची त्यांच्याकडं पीएच.डी. करणारी मनाली. सर कधी वाचणार? सत्कारांतनं सवड मिळाली तर ना!

विषय बघून तिला बरं वाटलं. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि तिथं बहिऱ्या होणाऱ्या बायका. तिचाच विषय की! तिसऱ्या पानावर मात्र ती थबकली. 'प्रस्तुत लेखकाने कामगार बायडाबाई यांची घरी जाऊन मुलाखत घेतली.'

"सर, हा माझा लेख आहे. गेल्या वर्षी 'नवीन काही नाही' म्हणून परत आलेला."

"कायतरीच. बायडाबाई काय, गल्लीत चार सापडतील."

"या बाईचं नाव बायडाबाई नाहीच, सर. नाव छापू नको म्हणून तिनं माझे हात धरले, तेव्हा मी माझ्या आजीचं नाव घातलं. आजीनं जन्मात माग बघितला नाही. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. या माणसानं मुलाखत घेतली कुणाची?"

सरांना हसू आलं. हसू! मनालीच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं त्या खडखडाटात, बायकांच्या कानाशी ओरडून ओरडून तिनं एकेक शब्द गोळा केला होता. आणि गेल्या वर्षी तिचा लेख ज्याच्याकडं परीक्षणाला गेला, त्यानंच तो आयता ढापला होता.

"गाढव हाय लेकाचा," सर म्हणाले. "नाव तरी बदलायचं की."

"म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे?"

"फोन आलता त्याचा. लेख जरा लवकर पास करून सोडा म्हणाला." सर चष्मा पुसायला लागले. "पुढच्या महिन्यात तुझी तोंडी परीक्षा. बाहेरनं परीक्षक म्हणून तोच येणार हाय. पाच वर्षं घालवलीस, पोरी. आता तुझं तू ठरीव."

रडायचं नाही, एवढंच मनालीनं ठरवलं. मग टाइप केलं, 'लेख मौलिक आहे. स्वीकारावा.'

खाली खूण करायची एक चौकट उरली होती. 'हे परीक्षण मी स्वतः व निःपक्षपातीपणे केले आहे.' तिथं मात्र तिचा हात चालेना.

सरांनी माऊस आपल्याकडं ओढला.

"सरक जरा. एवढं तरी माझं मला करू दे की."