बुरांडीची वही

"बाबा, तळाचा उमेदवार बाद झाला. आता त्याची मतं वाटतायत," मैत्रेयी फोनवरून म्हणाली. श्रीनिवासरावांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं. त्यांचं काम उरकलं होतं. वहीत सत्ताविसाव्या निवडणुकीपुढे त्यांनी निकाल आधीच लिहून टाकला होता. मैत्रेयी, अपक्ष, पराभूत. चौथ्यांदा.

बुरांडी हा ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याच्या विधानसभेचा मतदारसंघ. लेक पंधरा वर्षांपासून तिथल्या शाळेत शिकवत होती. बँकेत एकतीस वर्षं जोखीम मोजण्यात घालवलेल्या श्रीनिवासरावांनी निवृत्तीनंतर, सिंगापुरातल्या बिशानच्या फ्लॅटमध्ये बसून, बुरांडीचा १९२७ पासूनचा इतिहास वहीत उतरवला होता. सव्वीस निवडणुका आणि सव्वीसही वेळा एकच पक्ष. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणून घरात त्याला सगळे 'नांगरवाले' म्हणत. असल्या दगडावर डोकं आपटायला निघालेल्या पोरीला बापानं सांगायचं तरी किती?

तिथं मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत. सगळ्या उमेदवारांना पसंतीचे आकडे द्यायचे. कुणी निम्म्याच्या पुढे गेलं नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. नांगरवाले दर वेळी पहिल्याच फेरीत निम्मं ओलांडत, त्यामुळे ही वेळ कधी आलीच नव्हती. सिंगापुरात एक फुली मारून घरी येणाऱ्या श्रीनिवासरावांनी वहीत दुसऱ्या पसंतीचा रकानाच आखला नव्हता.

या वेळी नांगरवाले निम्म्याच्या अलीकडे थांबले होते, हे खरं. पण मैत्रेयी त्यांच्या मागे होती पाच हजार दोनशे नव्वद मतांनी. बुरांडीच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता. दिवस भरलेल्या बायकांना दोन तास गाडीत कळा सोसत जावं लागे. तो विभाग पुन्हा उघडायचा म्हणून ती लढत होती. "या वेळी हरले तर सोडते बाबा, परत कुणाच्या दारात जाणार नाही," असं तिनं आधीच सांगितलं होतं. ती हरण्यापेक्षा, हरल्यावर "ठीक आहे बाबा" म्हणायची, ते श्रीनिवासरावांना सोसत नसे. दर वेळी फोन ठेवला की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसत.

स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. त्यांच्या पत्नी नंदाताई बेसन भाजत होत्या.

"लाडू कशाला?" श्रीनिवासराव करवादले. "पडल्याचे?"

"मिसेस तान येतायत," नंदाताई म्हणाल्या.

शेजारच्या मिसेस तान हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर भरपेट जेवूनच यायच्या. पोटावर हात ठेवून "फुल, फुल" म्हणायच्या आणि नंदाताईंच्या हातचा लाडू खाऊनच जायच्या. या आग्रहाचं श्रीनिवासरावांना हसू यायचं. पण जानेवारीत नंदाताई सहा आठवडे लेकीच्या प्रचाराला गेल्या, तेव्हा मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मैत्रेयीनं वैतागून फोन केला होता, "बाबा, आई आपल्या लोकांकडे जातच नाही. ज्या अंगणात दुसऱ्या कुणा उमेदवाराची पाटी दिसेल, तिथंच जाऊन बसते!" श्रीनिवासरावांनी कपाळावर हात मारला होता. परक्या गावात, मोडक्या इंग्रजीत, दुसऱ्याच्या मतदारांशी गप्पा! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

"बाबा, चार हजार चारशेनं मागे," मैत्रेयी म्हणाली.

"हं."

चौथ्या क्रमांकाचा उमेदवार बाद झाला. बराच वेळ फोनवर नुसती कागदांची सळसळ ऐकू येत होती. मग मैत्रेयीचा आवाज आला, जरा चिरका. "दोन हजार नऊशे."

श्रीनिवासरावांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. आता तिसरा बाद होणार होता. त्याचा गठ्ठा सगळ्यांत मोठा होता. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि सोडून दिला. इतकी मतं एकाच बाजूला पडल्याचं वहीत कुठंही नव्हतं. नंदाताई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"अकराशेनं मागे," मैत्रेयी म्हणाली. मग, "चारशे." मग फोनवर नुसता गलबला ऐकू आला.

"मैत्रेयी? अगं, बोल ना!"

"बाबा..." ती रडत होती. "तीनशे सव्वीस. पुढे आहे मी. बाबा, मी निवडून आले!"

श्रीनिवासराव ताडकन उठले. वही मांडीवरून खाली पडली. मग बँकेत एकतीस वर्षं खालच्या पट्टीत बोललेला तो माणूस असा ओरडला, की मिसेस तान दार न वाजवताच धावत आत आल्या. त्यांना काही कळेना. श्रीनिवासरावांनी त्यांचेच दोन्ही हात धरून गदागदा हलवले. या वेळी डोळे लपवायला बाथरूम गाठावं लागलं नाही. सत्त्याण्णव वर्षांची भिंत त्यांच्या पोरीनं पाडली होती.

धाप लागून ते खाली बसले, तेव्हा फोनवर मैत्रेयी म्हणत होती, "आई, ज्या रस्त्यांवर तू फिरलीस ना, तिथली दुसरी पसंती जवळजवळ सगळी मला आहे. इथले लोक विचारतायत, तू काय जादू केलीस?"

श्रीनिवासरावांनी बायकोकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. "नंदा, त्या लोकांच्या दारात तू म्हणत तरी काय होतीस?"

नंदाताईंनी मिसेस तानच्या हातावर गरम लाडू ठेवला.

"अहो, मी कुणाचं पहिलं मत मागितलंच नाही. जेवून बसलेल्याला पान कशाला वाढायचं? म्हटलं, पोट तुमच्या माणसानं भरलंय, ते राहू दे. वरून एक लाडू तेवढा माझ्या लेकीचा घ्या."