दिवाणखान्याची मापं

साहेबांनी तिला ओळखलं नाही.

बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्याच घरसजावटीच्या ऑफिसात खोल्यांची चित्रं काढत होती, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाशी. आता तिचं स्वतःचं ऑफिस होतं, केसांत पांढरं डोकावत होतं, आणि साहेब तिला विचारत होते, "आधी कुठं काम केलंत तुम्ही?"

"दोन-तीन ठिकाणी," ती म्हणाली आणि तिनं टेप उलगडला.

ओळखलं असतं, तर तिचा निम्मा राग कदाचित तिथंच उतरला असता. तिच्या चित्रावर साहेबांना मोठं बक्षीस मिळालं होतं. डोंगरउतारावरच्या एका घराचा दिवाणखाना, त्यात दोन पायऱ्या खाली उतरून बसायची जागा. त्यासाठी तिनं चार महिने रक्त आटवलं होतं. बक्षिसाच्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "यात माझं नाव कुठं आहे?" साहेब हसत म्हणाले, "हात हिचा, डोकं माझं." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात नोकरी गेली. ती भांडखोर आहे ही बातमी तिच्या आधी प्रत्येक ऑफिसात पोचत राहिली. तीन वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही.

आता साहेब निवृत्त झाले होते. नवं घर घेतलं होतं. फोन त्यांच्या बायकोचा आला होता. बाई कमी बोलणाऱ्या. चहाचे कप ठेवून त्या कोपऱ्यात बसल्या.

"रोज संध्याकाळी माणसं येतील," साहेब म्हणाले. "माझे जुने सहकारी, विद्यार्थी. मी बोलेन, ते ऐकतील. एकदा बसलेला माणूस उठताच कामा नये, असा दिवाणखाना हवा."

तिनं मान डोलावली. माणूस कशानं रमतो हे तिला पाठ होतं. म्हणजे कशानं उठतो तेही.

आठवड्याभरात तिनं तीन चित्रं आणली. एक आजच्या थाटाचं, काच आणि करडा रंग. एक जुन्या वळणाचं, शिसवी लाकडाचं. एक गावाकडच्या घरासारखं, वेताचं आणि मातीच्या रंगाचं. साहेबांनी शिसवी निवडलं. त्यांनी कुठलंही निवडलं असतं तरी चाललं असतं. तिनं जे करायचं ते मापांत करून ठेवलं होतं. समोरासमोरच्या सोफ्यांत अकरा फुटांचं अंतर, म्हणजे आवाज चढवल्याशिवाय बोलणं पोचू नये. खाली उघडा दगड, वर उंच छत, भिंती मोकळ्या, म्हणजे प्रत्येक शब्द घुमावा. पाहुण्यांची तोंडं पश्चिमेच्या खिडकीकडे, आणि खिडकीला पडदा नाही. कप ठेवायला हाताशी टेबल नाही.

"फोटो सुरेख येतील," साहेब खुशीत म्हणाले.

बाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला. त्यावरून बोट फिरवता फिरवता त्या एका आकड्यावर थांबल्या.

"सोफ्याची बसायची जागा सव्वीस इंच खोल? पाठ टेकली तर पाय लोंबतील माणसांचे."

तिनं नजर नकाशावरच ठेवली. "सध्या तशीच पद्धत आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "मग असू दे."

काम दोन महिन्यांत झालं. तिनं एकेका सांध्यावर हात फिरवून पाहिला, कुठं नख लावायला जागा ठेवली नाही. खोली दृष्ट लागावी अशी झाली. एका मासिकात फोटोही छापून आला.

सहा महिन्यांनी बाईंनी पुन्हा बोलावलं, दिव्याचं एक बटण बिघडलं म्हणून. बटणासाठी माणूस पाठवता आला असता. ती स्वतः गेली. ऐन संध्याकाळी गेली.

साहेब एकटेच बसले होते. समोरचा लांबलचक सोफा रिकामा होता, त्यावर ऊन पसरलं होतं.

"पहिले पंधरा दिवस ही गर्दी," ते म्हणाले. "मग दहा मिनिटांत कुणाला काम आठवायचं, कुणाचं डोकं दुखायचं. आता तर फोनही उचलत नाहीत. लोक बदलले हो." त्यांचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. खोलीवर त्यांचा संशयही नव्हता. ज्या माणसानं उभा जन्म खोल्यांवर बक्षिसं घेतली, त्याला आपल्याच खोलीत काय चुकलंय ते कळत नव्हतं.

तिच्या जिवाला गारवा मिळाला. दया येईल अशी तिला भीती होती, ती आली नाही. बटण नीट करून ती निघाली.

दारापर्यंत सोडायला बाई आल्या. तिथं मात्र तिचा पाय अडला. याच घुमणाऱ्या खोलीत या बाईंनाही दिवस काढायचे होते, आणि त्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

"बाई, मी एक जाड गालिचा पाठवते," ती हळू आवाजात म्हणाली. "समोरचा सोफा चार फूट पुढं घ्या, खिडकीला पडदा लावा. लोक बसतील. माझं मापात जरा चुकलं होतं."

"तुमचं काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आत कशालाही हात लावायचा नाही. तुम्हाला शोधून काढायला मला चार महिने लागले."

"मला? कशासाठी?" तिनं विचारलं.

बाईंनी मागं वळून दार ओढून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला लागलात, त्याच्या आधीची पंधरा वर्षं त्यांची सगळी चित्रं मी काढत होते."