पुलाची खालची बाजू

फासा नदी ओलांडून गेला, मालधक्क्याला आपटला आणि सहावर थांबला.

डेंटिस्टने दोन्ही हात वर केले. सहा म्हणजे सुरुंग फुटला. सुरुंग फुटला म्हणजे रेल्वेचा पूल उडाला, आणि पूल उडाला म्हणजे जावयाचं सगळं सैन्य, तोफा, घोडे आणि खास बारीक ब्रशने रंगवलेल्या मिशांचा सेनापती यांच्यासकट, पलीकडच्या काठावर अडकून पडलं. डेंटिस्ट हा जावयाचा कॉलेजपासूनचा मित्र. कॉलेजपासूनच तो दर रविवारी त्याच्याकडून न चुकता हरत आला होता.

"उचल," तो म्हणाला. "उडालेली वस्तू टेबलावरून उचलायची. नियम तुझाच आहे."

नियम जावयाचाच होता. पण तो केला तेव्हा लढाया चादरीवर होत. चादरीखाली दोन जाड शब्दकोश सरकवले की डोंगर तयार, आणि पूल म्हणजे लाकडी पट्टी. उडाला की कंपासपेटीत. आज सासरेबुवांनी पहिल्यांदाच आपली छोटी रेल्वे युद्धासाठी उपलब्ध करून दिली होती. खोलीभर टेबल, त्यावर बोगदा, टेबलात बसवलेल्या काचेची नदी, सिग्नल, स्टेशन. सैनिक त्या मानाने जरा थोराडच होते. स्टेशनच्या छपरावर कोपर टेकून गप्पा मारतील इतके. पण युद्धात एवढं चालवून घेतात. पूल मात्र उचलण्यातला नव्हता. काड्यापेटीच्या काड्या एकेक जोडून केलेला, आणि दोन्ही टोकांना खडकात पक्का चिकटवलेला.

"उडाला असं समजू या," जावई म्हणाला.

"समजू या? गेल्या रविवारी माझा किल्ला समजून नाही पाडलास. खुडून डब्यात टाकलास."

"अरे, तो थर्माकोलचा होता!"

"सरळ सांग ना, सासऱ्याच्या आड लपतोयस."

दारात जावयाची बायको उभी होती. "त्या पुलाला हात लावाल तर दोन्ही सेनापती घराबाहेर," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही तरी बोला. तुमचा पूल आहे."

सासरेबुवा निवृत्त न्यायाधीश. ते खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले, चष्मा पुसला आणि वाकून फाशाची तपासणी केली.

"मी या प्रकरणात पक्षकार आहे," ते म्हणाले. "पण या घरात दुसरं न्यायालय नाही. फासा सहाच पडला आहे. नियम उभयतांना मान्य होता. सबब, पूल उडाला."

"बाबा!"

"अपिलाची सोय नाही." त्यांनी ड्रॉवरमधून पातळ पात्याची करवत काढली आणि डेंटिस्टपुढे धरली. "खांबाच्या वर कापा. खडकाला धक्का लागणार नाही."

आवाज निकाल वाचणाऱ्याचाच होता. फक्त करवतीची मूठ त्यांच्या हातून जरा उशिरा सुटली.

डेंटिस्ट गुडघ्यांवर बसला. हत्यार लावण्याआधी मागची बाजू बघून घ्यायची त्याला धंद्याची सवय. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, मान वाकडी केली आणि टेबलाखाली, नदीच्या काचेखाली डोकं घातलं.

बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

पुलाच्या पोटाला आडव्या-तिरप्या पट्ट्या होत्या. पट्ट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे रिव्हेट, आणि प्रत्येक रिव्हेटखाली गंजाचा एक ओघळ. सगळे ओघळ खाली उतरत होते. एकच जरा तिरका गेला होता, कारण तिथली पट्टी वाकली होती. खांबांवर मागच्या पुराची चिखलट रेघ होती. रेघेच्या वर, कोपऱ्यात, पाकोळ्यांची मातीची घरटी. एका घरट्यातून काहीतरी चोच काढून बघत होतं. पूल पाण्यापासून चार बोटं उंच. उभ्या माणसाला यातलं काहीही दिसायची शक्यता नव्हती.

"साहेब," टेबलाच्या कडेखालून आवाज आला, "हे कुणाला दिसणार होतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

सासरेबुवांना प्रश्न नीटसा कळला नसावा. "पूल म्हटला की त्याला खालची बाजू असणारच," ते म्हणाले.

डेंटिस्ट उठला. गुडघे झटकले. करवत त्याने स्वतःच ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला.

"दारू दमट निघाली," तो म्हणाला.

"कुठली दारू?" जावयाला कळेना.

"सुरुंगातली. फुटलाच नाही."

"सहा पडलेत! आणि भर उन्हाळ्यातली लढाई आहे ही, आपणच ठरवलंय."

"नदीकाठ आहे. दमट होते कधीकधी. तुझी चाल. ये पूल ओलांडून, आणि पावलं जपून टाकायला सांग तुझ्या लोकांना."

"सुरुंग लावणाऱ्यानेच दावा मागे घेतला आहे. प्रकरण निकाली," सासरेबुवा म्हणाले. इतका झटपट हुकूम त्यांनी अख्ख्या नोकरीत दिला नसेल.

मग जावयाचं सैन्य पुलावरून आलं आणि डेंटिस्टची राजधानी पडली. बायकोने दोन्ही सेनापतींना घरात राहू दिलं. डेंटिस्टने हरल्यावर नेहमी करायचा तो आरडाओरडाही केला नाही. तो पाकोळ्या कशाच्या केल्या ते विचारत होता.

सासरेबुवांना मात्र चैन पडेना. "तुमच्या नियमाची अडचण माझ्या लक्षात आली आहे," ते जावयाला म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत पूल सुटा करून ठेवतो. खटका दाबला की निघेल. खुशाल उडवा."

जावई एव्हाना जमिनीवर उताणा पडला होता, टॉर्च घेऊन, डोकं टेबलाखाली.

"नको बाबा," तो खालूनच म्हणाला. "पुढच्या वेळी आम्ही पोहून येऊ."