मांडवातले आजोबा

गडचिरोलीतल्या एका दवाखान्यात सुगंधा मडावीवर शस्त्रक्रिया करणारा यंत्राचा हात मध्येच थांबला. नागपुरातून तो चालवणाऱ्या डॉक्टरांची प्रकाशवाट, म्हणजे प्रकाशतंतूवरची जोडणी, अशा वाटा स्वतःच ठरवून देणाऱ्या राउटरनं परस्पर काढून घेतली होती.

या जोडण्यांच्या नियंत्रण कक्षातल्या हेमांगी तोरणेनं राउटरला जाब विचारला.

"वाट एका लग्नाला दिली," राउटर म्हणाला. "परदेशातले पाहुणे प्रकाशरूपानं मांडवात आलेत. त्यांचा दर्जा वरचा आहे."

"दर्जा? तिचं पोट उघडं आहे रे!" हेमांगीनं संतापून लग्नाची जोडणी तोडली आणि ती वाट स्वतः डॉक्टरांना जोडून दिली. यंत्राचा हात पुन्हा चालू लागला.

लगेच साहेबांचा फोन आला. "ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाचे आजोबा मांडवातून गायब झाले! कुणाला विचारून केलंत हे?"

"आजोबा पुन्हा दिसतील, साहेब," हेमांगी कडाडली. "सुगंधा दिसली नसती."